खरा विचारवंत की नुसता आव? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैचारिक पुस्तकांच्या हस्तलिखितांचं संपादन करू लागल्यापासून एकच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे: अमुक माणूस खरंच विचार करणारा आहे, की नुसता तसा दिसतो? विद्यार्थी विचारतात, शिक्षक विचारतात. एखाद्या वक्त्याने भारावून गेलेल्यांची जवळची माणसं काळजीने विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एक विषय दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विद्वान, तज्ज्ञ आणि विचारवंत यांत फरक काय? की सगळे एकच?

विद्वानाचं वाचन दांडगं असतं. तज्ज्ञाला एक क्षेत्र आतून ठाऊक असतं. विचारवंत या दोहोंपैकी कुणी असेल किंवा नसेलही. हाती असलेल्या माहितीवर तो स्वतः विचार करतो आणि तो विचार इतरांना तपासता येईल अशा रीतीने चारचौघांपुढे ठेवतो. या अर्थाचा शब्द युरोपात रुळला तो १८९८ मध्ये. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. १३ जानेवारी १८९८ रोजी एमिल झोला यांनी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेलं जाहीर पत्र वर्तमानपत्रात आलं. दुसऱ्या दिवसापासून लेखक, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ यांच्या सह्यांची निवेदनं छापून येऊ लागली. विरोधक त्यांना कुचेष्टेने 'इंटलेक्च्युअल' म्हणू लागले, तर सह्या करणाऱ्यांनी ते नाव अभिमानाने घेतलं. झोला यांच्यावर खटला झाला, त्यांना शिक्षा झाली आणि देश सोडून इंग्लंडला जावं लागलं.

याच्या उलट टोकाच्या माणसाला मराठीत फार जुना शब्द आहे: पढतमूर्ख. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावरही समर्थांनी दहावा समास खास पढतमूर्खासाठी ठेवला. नुसत्या वाचनाने शहाणपण येत नाही, हे त्यांना वेगळं सांगावंसं वाटलं.

२. ओळखायची एकच खूण सांगायची झाली तर कोणती सांगाल?

त्याच्या म्हणण्यात खोट निघाली तेव्हा तो कसा वागला ते पाहा. बाकी सगळ्याचं सोंग आणता येतं. त्या क्षणी मात्र खरं वागायला काहीतरी गमवावं लागतं.

गॉटलोब फ्रेगे हे जर्मन तर्कज्ञ. सगळं अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभं करायचं, या ध्यासात त्यांनी आयुष्याची कैक वर्षं घातली. ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत असताना तिशीतल्या बर्ट्रंड रसेल यांचं पत्र आलं: तुमच्या एका मूलभूत नियमातून विसंगती निघते आहे. पत्रावर तारीख होती १६ जून १९०२. फ्रेगे यांचं उत्तर २२ जूनचं आहे. या शोधाने आपण हादरलो, हे त्यांनी त्यात लिहिलं आणि शोध मोलाचा आहे हेही लिहिलं. १९०३ मध्ये खंड निघाला तेव्हा त्याला पुरवणी जोडून ही खोट त्यांनी स्वतःच वाचकांपुढे ठेवली. तिथे सुचवलेली दुरुस्ती पुढे टिकली नाही. पण झाकलं काहीच नाही.

त्याच १९०३ मध्ये फ्रान्समधले भौतिकशास्त्रज्ञ रने ब्लाँदलो यांनी 'एन किरण' नावाचे नव्या प्रकारचे किरण सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी अमेरिकेचे रॉबर्ट वुड त्यांची प्रयोगशाळा पाहायला गेले आणि अंधारात उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. लोलकाशिवाय ती मापं येणं शक्यच नव्हतं, तरी आकडे पूर्वीसारखेच वाचले जात राहिले. वुड यांनी हे छापल्यावरही ब्लाँदलो यांनी दावा सोडला नाही. ते लबाड नव्हते. आधीचं त्यांचं काम चोख होतं आणि किरण दिसतात असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून 'हा माणूस खरा की खोटा' असं मी विचारत नाही. 'या विषयात, या घडीला तो खरेपणाने वागतो आहे का' एवढंच विचारते. पुढची बरीचशी उत्तरं याच खुणेतून निघतात.

३. पण चूक निघेपर्यंत वाट कोण पाहणार? समोरासमोर बोलताना लगेच काही कळतं का?

बरंच कळतं, फक्त भांडायच्या सुरात विचारू नये. माझा पहिला प्रश्न असतो, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" खऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न आवडतो. तो खुर्ची पुढे ओढून सांगायला लागतो. आव आणणारा त्या प्रश्नाकडे अविश्वास म्हणून पाहतो. दुसरा प्रश्न, "तुमच्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता?" ज्याने विषयाशी झटापट केली आहे तो प्रतिपक्षाची बाजू प्रतिपक्षाला पटेल अशी मांडून दाखवतो. ज्याने केलेली नाही तो विरोधकांच्या हेतूंवर घसरतो. तिसरा, "काय घडलं तर तुम्ही हे मत सोडाल?" याला 'काहीही नाही' असं उत्तर आलं, तर पुढची चर्चा थांबवली तरी नुकसान होत नाही.

आणि एखादं उदाहरण मागा. मोठ्या विधानाखाली छोटं, ठोस उदाहरण ठेवता येत नसेल तर ते विधान अजून त्याचं स्वतःचं झालेलं नाही.

४. फार अवघड भाषेत लिहिणारा खोलच असतो का? मला कळत नाही म्हणजे माझीच बुद्धी कमी, असं वाटतं.

तसं वाटून घेऊ नका. २००६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओपनहायमर यांनी प्रयोग करून पाहिले. तोच मजकूर गरज नसताना जड शब्दांत लिहिला, तर वाचणारे लेखकाला कमी बुद्धिमान समजत होते. म्हणजे जड भाषेने छाप पडते हा बऱ्याच अंशी लिहिणाऱ्याचाच समज.

पण उलट टोकालाही जाऊ नका. काही विषय मुळातच कठीण असतात आणि परिभाषेशिवाय मांडता येत नाहीत. फरक ओळखायची माझी पद्धत साधी आहे. एक परिच्छेद घ्यायचा आणि त्यातला एकेक पारिभाषिक शब्द सोप्या शब्दांत फोडायचा. खऱ्या लेखनात परिच्छेद लांबतो, पण अर्थ शिल्लक राहतो. आवातल्या लेखनात दोन ओळी उरतात आणि त्या दोन ओळी आपल्याला आधीच माहीत असतात.

५. भाषण ऐकताना भारावून जायला होतं, घरी आल्यावर मात्र ते काय म्हणाले हे सांगता येत नाही. असं का?

कारण ऐकण्याचा आनंद आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एका नटाला 'डॉ. फॉक्स' या नावाने मोठा तज्ज्ञ म्हणून उभं केलं. श्रोते मनोविकारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातली माणसं. नटाला पढवलेलं भाषण परस्परविरोधी विधानांनी, बनवलेल्या शब्दांनी आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या वाक्यांनी भरलेलं होतं, पण त्याने ते उत्साहाने, हसत-खेळत सादर केलं. श्रोत्यांचा अभिप्राय एकूण अनुकूल आला. सुशिक्षित श्रोतेही फसतात, हे यातून दिसलं.

उपाय असा: भाषण संपल्यावर एका तासाच्या आत, टिपणं न बघता, तीन वाक्यांत सार लिहा. जमलं नाही तर दोन दिवसांनी छापील रूपात तोच मजकूर वाचा. आवाज, थांबे आणि टाळ्या वजा झाल्यावर जे उरतं ते त्या वक्त्याचं.

६. तो बोलताना वीस पुस्तकांची नावं घेतो. एवढं वाचलेला माणूस ढोंगी कसा असेल?

नाव घेणं आणि वाचणं यांत मोठं अंतर आहे. माझ्या कामातली दोन उदाहरणं देते.

एका हस्तलिखितात पानोपानी परदेशी ग्रंथांचे दाखले होते. एक अवतरण मला खटकलं, म्हणून मूळ पुस्तक मिळवलं. ते वाक्य त्यात होतं, पण लेखक ते ज्याच्या विरोधात लिहीत होता त्याचं म्हणणं म्हणून. पुढच्याच ओळीत त्याचं खंडन होतं. मी हस्तलिखिताच्या लेखकाला प्रकरणाचा क्रमांक विचारला. उत्तराऐवजी माझ्या वाचनाबद्दल चार शब्द ऐकायला मिळाले, आणि वाक्य तसंच राहावं असा आग्रह.

दुसऱ्या एका लेखिकेला मी तसाच प्रश्न पाठवला होता. तिचा रात्री फोन आला. "ताई, ते पान काढून टाका. मी ते दुसऱ्याच्या लेखातून उचललं होतं, मूळ बघितलंच नव्हतं. अजून तीन ठिकाणी तसंच झालंय, ती ठिकाणं सकाळी कळवते." सकाळी यादी आली. तीन नव्हती, पाच होती. तिच्याकडे पदव्या कमी होत्या, पुस्तकांची नावंही कमी होती. पण तिच्या पुस्तकावर मी डोळे मिटून विश्वास ठेवेन.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायला हरकत नाही, सगळेच पितात. ओंजळ दुसऱ्याची आहे हे सांगितलं पाहिजे.

७. पदवी, प्राध्यापकी, पुरस्कार यांवर विसंबावं का?

थोडंफार. त्यांवरून एवढंच कळतं की कधीतरी कुणीतरी तपासणी केली होती. मायकेल फॅरडे यांचं औपचारिक शिक्षण जेमतेम होतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकं वाचत ते शिकले, आणि १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं तेव्हा ते कारकून होते, हाती पदवी नव्हती.

पण 'फॅरडेंकडेही पदवी नव्हती' हे वाक्य जो स्वतःच्या समर्थनार्थ वापरतो त्याच्याबद्दल सावध राहा. फॅरडे यांच्याकडे पदवी नव्हती, कुणालाही करून पाहता येतील असे प्रयोग मात्र होते.

८. काल एक म्हणत होता, आज दुसरंच म्हणतो. हा ढोंगीपणा नाही का?

नुसतं मत बदललं एवढ्यावरून काही ठरत नाही. कसं बदललं ते बघा. कारण सांगून, जुनं मत आपलंच होतं हे मान्य करून बदललं असेल तर ती चांगली खूण आहे. वारा फिरला तशी पाठ फिरवली आणि 'मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो' असं सांगितलं, तर मात्र शंका घ्यायला जागा आहे.

चार्ल्स डार्विन यांची एक सवय मला फार आवडते. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारं निरीक्षण किंवा विचार समोर आला की ते लगेच टिपून ठेवत, कारण गैरसोयीच्या गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात असं त्यांना आढळलं होतं. १८५९ च्या ग्रंथात त्यांनी सिद्धान्तासमोरच्या अडचणींसाठी स्वतंत्र प्रकरणच ठेवलं.

९. 'मला माहीत नाही' म्हणणारा प्रामाणिक, असं ऐकलंय. पण तेही नाटक असू शकतं ना?

असू शकतं. 'मी तर एक साधा विद्यार्थी' असं म्हणून पुढचा तासभर एकाही वाक्याला 'कदाचित' न लावणारे वक्ते मी ऐकले आहेत. खरं 'माहीत नाही' नेमकं असतं: इथपर्यंत माहीत आहे, इथून पुढे नाही. ते बहुधा बोलणाऱ्याच्या गैरसोयीच्या जागी येतं, आणि पुढे 'बघून सांगतो' असं म्हटलं तर तो खरंच बघून सांगतो. मोघम नम्रतेला काही गमवावं लागत नाही, म्हणून ती जमेस धरू नये.

१०. आपल्या विषयात खरोखर मोठा असलेला माणूस दुसऱ्या विषयावर बोलू लागला तर?

हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण इथे विद्वत्ता खरी असते. लायनस पॉलिंग यांना १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ साठीचं शांततेचं नोबेल मिळालं. १९७० मध्ये त्यांनी क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेतल्याने सर्दी टळते असं पुस्तक लिहून सांगितलं. पुढच्या चाचण्यांत सर्वसाधारण लोकांची सर्दी त्याने टळत असल्याचं दिसलं नाही, तरी ते मागे हटले नाहीत. डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये अर्धस्फटिक (अणूंची मांडणी शिस्तशीर, पण ठरावीक अंतराने तीच पुन्हा न येणारे घन पदार्थ) दिसले तेव्हाही पॉलिंग यांनी ते अखेरपर्यंत नाकारले, आणि तो विषय तर त्यांच्या अंगणातलाच होता. शेख्टमन यांना त्याच शोधासाठी २०११ मध्ये नोबेल मिळालं.

सॉक्रेटिसनेही हेच पाहिलं होतं. प्लेटोने लिहून ठेवल्याप्रमाणे, शहाण्या माणसाच्या शोधात तो राजकारण्यांकडे गेला, कवींकडे गेला, शेवटी कारागिरांकडे गेला. कारागिरांना त्यांची कला खरंच येत होती. पण तेवढ्या बळावर बाकी मोठ्या गोष्टीही आपल्याला कळतात असं त्यांनी धरलं होतं.

म्हणून मान द्या, पण नव्या विषयात त्याला प्रश्न ३ मधले प्रश्न इतरांसारखेच विचारा.

११. सगळे तज्ज्ञ एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. तो द्रष्टा असेल तर?

असतोही. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं. ते हवामानशास्त्रज्ञ होते, भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यांना उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेत त्यांचा अंत झाला आणि त्यांच्या म्हणण्याला सर्वसाधारण मान्यता मिळाली ती १९६० च्या दशकात. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन ते जठराचा दाह घडवतात हे दाखवलं. जठरातल्या व्रणांमागचा हा जिवाणू शोधल्याबद्दल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं.

पण या दोघांनी काय केलं ते नीट बघा. वेगेनर यांनी जीवाश्म, खडकांचे थर, किनाऱ्यांचे आकार असे पुरावे गोळा केले आणि टीकेनंतर ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्या सुधारत नेल्या. खंड कोणत्या बळाने सरकतात याचं त्यांचं उत्तर कच्चं होतं, आणि त्या बाबतीत त्यांचे टीकाकार बरोबर होते. मार्शल यांनी इतरांना तपासता येईल अशी गोष्ट समोर ठेवली. एकटेपणाचं भांडवल करणारा पुराव्याऐवजी आपल्यावरच्या अन्यायाची कथा सांगतो. नाकारले गेलेले बहुतेक विचार चुकीचे असल्यामुळेच नाकारले गेले. त्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत, एवढंच.

१२. प्रसिद्ध भाष्यकारांचे अंदाज तरी बरोबर येतात का?

मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांचे राजकीय-आर्थिक अंदाज सुमारे वीस वर्षं नोंदवून ठेवले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका मोठ्या सूत्रात सगळं बसवणाऱ्यांपेक्षा अनेक बाजू तोलणारे बरे ठरले, आणि जास्त प्रसिद्ध असलेल्यांचे अंदाज सहसा जास्त चुकले. एखादा भाष्यकार पारखायचा असेल तर त्याचं तारीख घातलेलं एक भाकीत लिहून ठेवा आणि वर्षाने काढून बघा.

१३. सोकल प्रकरणाने सिद्ध झालं ना, की समाजशास्त्रातलं सगळं थोतांड आहे?

नाही. १९९६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाने छापला, आणि मग त्यांनी ते उघड केलं. त्या वेळी ते नियतकालिक बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेत नव्हतं. एका संपादक मंडळाची मोठी चूक त्यातून दिसली, आणि पटणारे निष्कर्ष असले की लोक तपासणी सैल करतात हेही. त्यावरून एक पूर्ण विद्याशाखा मोडीत काढणं म्हणजे पुराव्यापेक्षा मोठं विधान करणं. भौतिकशास्त्रात एन किरण होऊन गेले आहेतच (प्रश्न २).

१४. कमी जाणणारे स्वतःला सगळ्यात शहाणे समजतात, हे डनिंग-क्रूगर यांनी दाखवलंय ना?

इतकं नाही. या दोन मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या अभ्यासात, चाचणीत सगळ्यात कमी गुण मिळालेल्या खालच्या गटाने स्वतःला प्रत्यक्षापेक्षा बरंच वर धरलं हे खरं. पण वरच्या गटापेक्षा आपण वर आहोत असं त्यांनी मानलं नव्हतं, आणि त्या आकड्यांमागे किती भाग निव्वळ सांख्यिकीचा यावर पुढे वाद झाला. समोरच्याला गप्प करण्यासाठी हे नाव फेकणाऱ्याने बहुधा मूळ अभ्यास पाहिलेला नसतो. तेव्हा प्रश्न ६ पाहा.

१५. आता यंत्राकडून विद्वत्तापूर्ण लेख मिनिटात लिहून मिळतो. मग लेखनावरून माणूस ओळखायचा कसा?

भाषेच्या सफाईवरून आता जवळजवळ काहीच ठरत नाही. तिचं मोल आधीही आपण जरा जास्तच धरत होतो. माणसाला बोलतं करा. लिहिलेल्याच्या एक पाऊल बाहेरचा प्रश्न विचारा: हे विधान अमुक बाबतीत लागू होईल का? ज्याने स्वतः विचार केला आहे त्याला अडखळत का होईना, पण वाट काढता येते.

१६. ढोंग ओळखता आलं तर चारचौघांत उघडं पाडावं का?

त्याच्या सांगण्याने कुणाचं आरोग्य, पैसा किंवा शिक्षण बिघडणार असेल तर होय, आणि तेही विधानाबद्दल बोलून, माणसाबद्दल नाही. एरवी एकांतात प्रश्न विचारणं बरं. काही जणांनी तरुणपणी आव आणलेला असतो आणि पुढे ते खरे अभ्यासक होतात. भर सभेत पाणउतारा झाला तर ती वाट बंद होते.

१७. हे सगळं वाचून भीती वाटते की मीच तसा आहे. कसं तपासू?

२००२ मध्ये रोझनब्लिट आणि काइल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी लोकांना विचारलं, बॅगेची चेन, कुलूप, संडासाचा फ्लश यांचं काम तुम्हाला किती कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग ते टप्प्याटप्प्याने लिहून काढायला सांगितलं. लिहिताना अडखळल्यावर त्यांनी आपले गुण स्वतःच कमी केले. आपल्या आवडत्या मतावर हेच करून बघा. कोरा कागद घ्या आणि अमुक गोष्टीतून तमुक कसं घडतं ते पायरीपायरीने लिहा. पेन जिथे थांबतं तिथे खूण करा.

मी स्वतः अनेक वर्षं एका ग्रंथाचा दाखला देत असे. तो मी वाचलेला नव्हता, त्याच्यावरचे दोन लेख वाचले होते. त्या लेखिकेचा रात्रीचा फोन (प्रश्न ६) ठेवल्यावर ते मला आठवलं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर एक अक्षर असतं: स्वतः पाहिलं तर 'स्व', दुसऱ्याकडून घेतलं तर 'दु'. पहिल्या वहीत 'दु' इतके निघाले की मी ती वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासायला घेतली. अजून तीस पानं राहिली आहेत.